पोलिसांना बोलवायची वेळ आली तर

खरं सांगू का, हा विषय आपण बायका एकमेकींपाशीही काढत नाही. सासऱ्यांचं डायलिसिस, नणंदेचं मोडलेलं लग्न, सगळं भिशीत बोलून होतं. पण घरातलं माणूस आजाराच्या भरात हाताबाहेर गेलं आणि मध्यरात्री पोलिसांना फोन लावावा लागला, हे मात्र जो तो गिळून टाकतो. म्हणून तुला वाटतंय की अशी वेळ फक्त तुझ्यावरच आली. नाही गं. कितीतरी घरांत हे होऊन गेलेलं आहे, आणि त्यातली बरीच माणसं आज गोळ्या घेऊन नोकरीला जातायत, मंडईतून भाजी आणतायत, पुतण्यांचा अभ्यास घेतायत.

तुझ्या भावाने औषधं सोडलीयत, झोप उडालीय, शेजारचे भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात असं त्याला वाटतंय, आणि परवा आईला धक्काबुक्कीही झाली. तू विचारतेस, पोलिसांना बोलवू का? बोलावलं तर ते त्याला मारतील का, लॉकअपमध्ये टाकतील का, जन्माची केस मागे लागेल का? बघ, कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घे. मग ठाण्याच्या पायऱ्या चढताना तुझे पाय लटपटणार नाहीत.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा आहे, आणि 2018 च्या मे महिन्यापासून तो लागू आहे. त्याचं कलम 100 तू पाठच करून टाक. त्यात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य लिहिलंय. हद्दीत कुणी मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल आणि भटकत असेल, किंवा आजारामुळे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला असेल, तर त्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं. का घेतोय ते त्याला सांगायचं, त्याला समजण्यासारखी स्थिती नसेल तर त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीला, सांगायचं. मग लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा माणसाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. ‘शक्यतो’ नाही, कोणत्याच परिस्थितीत नाही. ही अटक नाही. माणूस आजारी आहे म्हणून लागणाऱ्या या मदतीत गुन्हा, कलम, जामीन यांचा संबंध येत नाही.

तरीही ठाण्यात तुला कुणीतरी म्हणेल, ‘कोर्टाची ऑर्डर घेऊन या, मग बघू.’ हे बोलणं कुठून येतं ते सांगते. जुना कायदा 1987 चा होता. त्यात पोलिसांनी अशा माणसाला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, मग आदेश निघाला की मनोरुग्णालयात भरती, अशी वाट होती. नव्या कायद्याने ती बदलली. आता पोलिसांची गाडी पहिल्यांदा दवाखान्याच्या दारात जायला हवी. मॅजिस्ट्रेट अजून चित्रात आहेत, पण वेगळ्या कारणासाठी. आजारी माणसाचे घरात हाल होतायत, त्याला कोंडून ठेवलंय, उपाशी ठेवलंय असं दिसलं तर पोलिसांनी तसं मॅजिस्ट्रेटना ताबडतोब कळवायचं असतं, आणि मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी पाठवू शकतात. तुझ्या घरात तसं काही नाही. म्हणून ‘ऑर्डर आणा’ म्हणाले की भांडू नकोस, घाबरूही नकोस. शांतपणे म्हण, ‘साहेब, कलम 100 खाली संरक्षण आणि दवाखान्यात नेण्यासाठी मदत मागतेय.’ ज्या बाईला कलम माहीत आहे, तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट बोलून टाकते, राग मानू नकोस. हा कायदा घरच्यांच्या हातातली छडी नाही. भाऊ ऐकत नाही, लग्नाला तयार नाही, जमिनीच्या कागदावर सही करत नाही, म्हणून पोलिस बोलावून त्याला ‘आत टाकायचं’, असं यात बसत नाही. कितीतरी बायकांना नवऱ्याने ‘वेडी आहे’ म्हणून बाहेर काढायचा घाट घातला आहे, ते आठव. म्हणूनच तपासणीचा शब्द शेवटी डॉक्टरांचा असतो, घरच्यांचा किंवा पोलिसांचा नाही. डॉक्टरांनी भरतीची गरज नाही असं ठरवलं, तर पोलिसांनी त्याला परत घरी सोडायचं असतं. हेही तुझ्या भावाच्या रक्षणासाठीच आहे बघ.

आता पोलिस ही कितवी पायरी, ते ठरवू. माझं मत विचारशील तर शेवटची, पण टाळायची नव्हे. ज्याला वाटतंय की कुणीतरी आपल्या मागावर आहे, त्याच्या दारात खाकी वर्दी उभी राहिली तर त्याला आपलंच खरं झालं असं वाटणार. म्हणून वेळ हातात असेल तेव्हा आधी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लाव. ते नाही मिळाले तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केलेला. तो मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. तिथे फक्त भावासाठी नाही, तू स्वतःही बोलू शकतेस. तीन रात्री न झोपलेल्या बहिणीलाही कुणीतरी विचारायला हवं ना.

आणि आपल्या कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांना विसरू नकोस. याच कायद्याच्या कलम 94 प्रमाणे जिवाला धोका असेल, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करत असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार देऊ शकतो, अगदी घरी येऊनसुद्धा. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हा तातडीचा उपचार 72 तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य केंद्रात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो, आणि रुग्णाला तिथे पोचवणंही त्यातच धरलंय. भावाला लहानपणापासून ओळखणारे डॉक्टर काका घरी आले आणि त्यांचं त्याने ऐकलं, तर पोलिसांची गरजच उरणार नाही. त्यांच्याशी आजच बोलून ठेव, वेळ आल्यावर नको.

पण त्याच्या हातात सुरी असेल, तो गच्चीवर जाऊन कठड्याशी उभा असेल, गॅस सोडला असेल, आई किंवा लहान मूल त्याच्याबरोबर बंद खोलीत असेल, तर हे सगळे फोन बाजूला ठेवायचे आणि थेट 112. तिथे लाजायचं नाही, ‘लोक काय म्हणतील’ करायचं नाही. आधी घरातली दुबळी माणसं बाहेर काढ. त्याला पकडायला, त्याच्या हातातलं हिसकायला तू जायचं नाहीस. तुझ्या अंगात कितीही बळ असलं तरी नाही.

फोनवर काय बोलायचं, ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून ठेव, कारण त्या वेळी जीभ टाळ्याला चिकटते. असं बोल: ‘माझ्या भावाला मानसिक आजार आहे. औषधं बंद झालीयत. झोप नाही. हातात अमुक आहे, किंवा काही नाही. घरात आई आहे. आम्हाला गुन्हा नोंदवायचा नाही, त्याला दवाखान्यात न्यायला मदत हवी आहे. सायरन न वाजवता या, जमलं तर साध्या कपड्यातला माणूस पुढे पाठवा.’ पत्ता, मजला, खूण. रुग्ण बाई असेल तर महिला पोलिस पाठवा असं आवर्जून म्हणायचं. हातात हत्यार असेल तर ते लपवू नकोस गं. येणाऱ्या पोलिसालाही घरी बायकापोरं आहेत, त्याला कळायला हवं. नसेल तर ‘नाही’ हेही ठणकावून सांग. नुसतं ‘लवकर या, तो मारतोय’ म्हणून फोन ठेवलास, तर ते मारामारीच्या तयारीने येणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ॲम्ब्युलन्ससाठी 108 आहेच, दोन्ही फोन करायचे, एक तू आणि एक शेजारच्या काकूंनी.

माझ्या दिराच्या वेळी आमच्याकडे जे झालं, त्यातला एक प्रसंग तुला सांगते. तो त्याच्या खोलीत कपाट दाराला लावून बसला होता. आलेल्या तिघांपैकी दोघे तरुण जिन्यातच थांबले. एक वयस्क हवालदार एकटे आत आले. टोपी काढून टीव्हीवर ठेवली, चपला आमच्यासारख्याच दाराबाहेर काढल्या, आणि दारापासून हातभर लांब खाली फरशीवरच बसले. दिराला नावाने हाक मारून म्हणाले, ‘जेवलास का रे? मी पण नाही जेवलो अजून.’ आतून शिवी आली. त्यांनी ऐकून घेतली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘कोण त्रास देतंय तुला?’ आवाज येत नाहीत, असं काही नसतं, वेड्यासारखं करू नकोस, यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. ‘तुला ऐकू येतं म्हणजे त्रास होत असणारच’ एवढंच म्हणाले. आम्ही मागे घोळका करून उभे होतो, तर एकेकाला मानेनेच बाहेर घालवलं. बराच वेळ गेला. मग कपाट सरकल्याचा आवाज आला. दीर स्वतःच्या पायांनी जिना उतरला, हवालदारांनी त्याचा हातही धरला नाही, फक्त पायरी एकेक करत त्याच्या बरोबरीने उतरले. सासूबाईंनी त्या गडबडीत दोघांसाठी डब्यात पोळी-भाजी बांधून दिली होती.

ते हे कुठे शिकले, मला माहीत नाही. पण हे शिकवता येतं, हे मात्र नक्की. अमेरिकेत मेम्फिस नावाच्या शहरात 1987 साली आजाराच्या भरात हातात सुरी घेतलेल्या एका तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्या आईनेच मदतीसाठी फोन केला होता गं. गाव हादरलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पोलिसांनी, डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी मिळून एक प्रशिक्षण उभं केलं. निवडक पोलिसांना 40 तास शिकवायचं, आणि असा फोन आला की त्यांनाच पुढे पाठवायचं. अंतर ठेवा, आवाज खाली ठेवा, एकानेच बोला, घाई करू नका, हाच त्याचा गाभा. पुढे ते कितीतरी शहरांनी घेतलं. आपल्या प्रत्येक ठाण्यात असा निदान एक माणूस तयार व्हायला हवा, याचा आग्रह आपण घरच्यांनीच धरायला हवा असं मला मनापासून वाटतं. आमच्या हवालदारांसारखं माणूस नशिबाने मिळावं, हे काही बरोबर नाही. कुणाच्याही भावाचा जीव त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर अवलंबून असता कामा नये.

तोवर आलेल्या पोलिसांना नीट समजावायचं काम तुलाच करायचंय. पोलिस दारात आले की तू पुढे होऊन, हळू आवाजात, जिन्यातच त्यांच्याशी बोल. त्याचं घरातलं नाव सांग. त्याला कशाची भीती वाटते ते सांग. कुणी पाठीमागून येऊन धरलं तर तो बिथरतो, असलं काही असेल तर तेही सांग. घरातला मोठा दिवा, टीव्ही, मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळं बंद. बोलायला एकच माणूस, शक्यतो ज्याच्यावर त्याचा राग नाही असा. बेड्या, दोरी, साखळी याचा विषय निघाला तर स्पष्ट नाही म्हण. उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधणं तर कायद्याने कलम 95 मध्ये बंदच केलंय. तामिळनाडूत एरवाडीला 2001 च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण गेले. ते वाचल्यावर मला कित्येक दिवस जेवण गेलं नव्हतं.

आणि मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याला पोलिसांकरवी खाली पाठव. तू स्वतः वाद घालू नकोस, तुझं लक्ष भावावर असू दे.

घरातली तयारीही करून ठेव, लगेच करण्यासारखी आहे. बाथरूमची आणि त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाक, दार लोटून ठेवता येईल एवढंच ठेव. विळी, सुऱ्या, फिनेल, उंदराचं औषध त्याच्या हाताशी नकोत, आणि आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यासुद्धा नकोत. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून ठेव. एक प्लास्टिकची फाईल कर. त्यात त्याच्या जुन्या चिठ्ठ्या, आत्ता चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, त्याचा अलीकडचा एक फोटो, आणि डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र, की याच्यावर अमुक सालापासून माझ्याकडे उपचार चालू आहेत. ते पत्र पोलिसांच्या हातात पडलं की दहा मिनिटांचं समजावणं वाचतं.

आणखी एक कागद त्यात हवा, आणि तो भावाने स्वतः लिहायचा आहे. त्याची तब्येत बरी असेल त्या दिवशी त्याच्याशी बसून बोल. आजार वाढला तर माझ्या वतीने कोण बोलेल, हे तो स्वतः ठरवू शकतो. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात, कलम 14. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. त्याने कदाचित तुझं नाव लिहिलं नाही तर रुसू नकोस. मामाचं लिहील, मित्राचं लिहील. आपलं कुणी ऐकणार आहे हे त्याला कळलं, तर पुढच्या वेळी खाकी पाहून तो इतका बिथरणार नाही.

दवाखान्याचं बघ. पोलिस जवळच्या सरकारी दवाखान्यात नेतील. तिथे मानसोपचारतज्ज्ञ असतीलच असं नाही, उपजिल्हा रुग्णालयात नसतातही. पण त्याच्या तपासणीची सोय करणं ही तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. ‘आमच्याकडे नाही, घेऊन जा’ एवढं बोलून त्यांना हात झटकता येत नाहीत. पुण्या-मुंबईत मोठ्या सरकारी रुग्णालयांतून मानसोपचार विभाग आहेत, आणि राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. गोव्यात तुझी मावशी आहे ना, तिच्याकडे असताना काही झालं तर तिथे बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी रुग्णालय आहे. त्याच्या मनाविरुद्ध भरती करायची झाली, तर प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ. म्हणून कुणी ‘ताई, आमची गाडी पाठवतो, चार पोरं उचलून नेतील, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणालं, तर दार लावून घे. माझं ऐक, त्या वाटेला जाऊ नकोस. गाडी पाठवणारं केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, हे विचारल्याशिवाय कुणाच्याही हवाली भावाला करायचं नाही.

आता तू जे विचारायचं टाळलंस, ते मीच बोलते. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तर? पोलिस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात, किंवा ‘चुकून औषध पोटात गेलं’ सांगतात, आणि त्या खोट्यापायी डॉक्टरांना नेमकं काय घेतलंय ते कळत नाही. असं कधीही करायचं नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, पोलिस जबाब घ्यायला येतात, हे खरं. पण कलम 115 म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याला खटला किंवा शिक्षा नाही. उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. पूर्वी दंड संहितेत 309 कलम होतं, तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम घेतलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी कुणी असा प्रयत्न केला तर त्याचं कलम वेगळं आहे, त्याचा तुझ्या घराशी संबंध नाही. तेव्हा जबाबात खरं सांग, भावाला सांगता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून पोलिसांना नंतर यायला सांग. शुद्धीत नसलेल्या माणसाला प्रश्न विचारून कुणाला काय मिळणार?

आणि तो घरातून निघूनच गेला तर 24 तास थांबायचं नाही. ‘एक दिवस वाट बघा, येईल’ असं सांगणारे भेटतील, पण असा कुठलाही नियम नाही. त्याच तासाला बेपत्ता झाल्याची नोंद करायची, फोटो द्यायचा, अंगावर काय कपडे होते ते सांगायचं, आणि आजाराबद्दल लपवायचं नाही. रेल्वे स्टेशनजवळ घर आहे तुझं, तेव्हा लोहमार्ग पोलिसांकडेही जायचं. आजाराच्या भरात माणूस गाडीत बसतो आणि पार दुसऱ्या राज्यात उतरतो. कर्जतला डॉक्टर भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, रस्त्यावर सापडलेल्या अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारी. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेली माणसं तिथून आपल्या गावी परतली आहेत. भटकत सापडलेल्या माणसाची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही कलम 100 मधलं पोलिसांचंच काम आहे, म्हणून पाठपुरावा करायला कचरायचं नाही.

ठाण्यात कुणी ऐकलंच नाही तर? स्टेशन डायरीत नोंद करा म्हणून सांग, नंबर माग. नाही केली तर लेखी अर्ज दे आणि पोच घे. वरच्या अधिकाऱ्यांना भेट, शहरात सहायक आयुक्त, तालुक्याला उपअधीक्षक. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बहुतेक ठिकाणी कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं. बाई म्हणून तुला आणि मानसिक आजारी म्हणून भावाला, दोघांनाही तिथे वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन 15100.

मला माहिती आहे, एवढं ऐकूनही तुझ्या मनात एकच येणार, ‘स्वतःच्या भावावर पोलिस घातले.’ नातेवाईक तेच बोलणार, आणि कदाचित तोही बोलेल, दवाखान्यातून आल्यावर कित्येक दिवस तुझ्याशी बोलणारही नाही. बोलू दे. माझा दीर पार दिवाळीपर्यंत माझ्या हातचा चहा घेत नव्हता. आपण ते सोसायचं असतं, कारण तो जिवंत आहे, आई सुखरूप आहे, आणि राग ओसरायला पुढे अख्खं आयुष्य आहे. पण एक पथ्य पाळ. ‘पुन्हा असं केलंस तर पोलिसांना बोलावीन’ ही धमकी घरात कुणीही द्यायची नाही. गोळी घेत नाही म्हणून, जेवत नाही म्हणून, सिगरेट ओढतो म्हणून, कधीच नाही. एकदा धमकी दिलीस की पुढच्या वेळी मदतीला आलेला पोलिसही त्याला शिक्षा द्यायलाच आल्यासारखा दिसणार.

आता एवढं कर. या आठवड्यात, भाऊ जरा शांत आहे तोवर, सकाळी अकराच्या सुमाराला ठाण्यात जाऊन ये. रात्री रडत जाणं आणि सकाळी फाईल घेऊन जाणं यात फार फरक पडतो. ठाणे अंमलदारांना भेट, तक्रार द्यायला आले नाही असं पहिल्याच वाक्यात सांग, नाहीतर ते एनसीचं, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांचं, रजिस्टर पुढे ओढतील. आमच्या घरात असा असा आजारी आहे, असा पत्ता आहे, गरज पडली तर मदत लागेल, एवढं बोलून अर्ज दे, डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स लाव. आपल्या बीटचा हवालदार कोण, ते विचार आणि त्यांचा नंबर घे. महिला पोलिस कोण ड्युटीवर असतात तेही विचारून ठेव. मोठे साहेब नसले तर परत फिरू नकोस, अंमलदारांकडूनच शिक्का मारून पोच घे. अर्ज मी तुला आज रात्री लिहून पाठवते, त्यात फक्त नाव, पत्ता आणि औषधांची नावं भर. आणि आईला बरोबर नेऊ नकोस, ती तिथल्या बाकावर बसून रडत बसेल. शेजारच्या काकूंना घेऊन जा.